इन-हँड किती पडतं?

कुणाला नवी नोकरी लागली की आपल्याकडे दोन प्रश्न ठरलेले असतात. पहिला: पॅकेज किती? दुसरा प्रश्न जरा व्यवहारी माणसं विचारतात: ते सोड, इन-हँड किती पडतं?

पॅकेज लोकांना सांगायला असतं आणि इन-हँड घर चालवायला, हे पहिल्या पगाराच्या दिवशी प्रत्येकाला कळतं. ऑफर लेटरवरच्या बारा लाखांना बाराने भागून आपण महिन्याला एक लाख असा हिशोब मांडलेला असतो. मग स्लिप येते. पीएफचा आपला हिस्सा कापलेला असतो. कंपनीचा हिस्साही आपल्याच पॅकेजमध्ये मोजलेला निघतो. पाच वर्षं टिकलो तर मिळणारी ग्रॅच्युइटी त्यातच, वर्षाअखेरीस मिळेल न मिळेल असा व्हेरिएबलही त्यातच. मग टॅक्स. खाली उरतो तो आकडा बघून आपण पुन्हा एकदा स्लिप वरून खाली वाचतो.

ही वजाबाकी आता सगळ्यांना येते. कॉलेजच्या शेवटच्या वर्षातली मुलंसुद्धा ‘फिक्स्ड किती, व्हेरिएबल किती’ असं विचारतात. पण याच्या पुढची वजाबाकी कुणी शिकवत नाही. हा पगार मिळवायला दिवसातले नेमके किती तास जातात? कुठले तास जातात? त्यातले आपले किती आणि दुसऱ्या कुणाचे किती? ही वजाबाकी केली तर हातात काय पडतं, याबद्दल मला या लेखात बोलायचं आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. ‘पैसा महत्त्वाचा की आयुष्य?’ हा प्रश्न मला फसवा वाटतो. तराजूच्या एका पारड्यात पैसा आणि दुसऱ्यात आयुष्य, असं चित्र त्यात गृहीत धरलेलं असतं. पण महिनाअखेरीला घरमालकाचा फोन आला की पोटात गोळा न येणं, हे आयुष्य आहे की पैसा? आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी कुणापुढे हात न पसरावा लागणं? आपल्या परंपरेनेही अर्थाला चार पुरुषार्थांमध्ये जागा दिली आहे, त्याला बाहेर उभं केलेलं नाही. तेव्हा पैशाला नावं ठेवून हा प्रश्न सुटत नाही. तो मोजूनच सोडवावा लागतो, आणि मोजताना काय काय मोजायचं हे आधी ठरवावं लागतं.

*

माझी एक मैत्रीण आहे, नाशिकची. दोन वर्षांपूर्वी तिच्या हातात दोन ऑफर होत्या. एक नाशिकमध्येच, नऊ लाखांची. दुसरी बेंगळुरूला, सोळा लाखांची. ती आकड्यांची माणूस. तिने एक्सेलमध्ये तक्ता केला आणि मला पाठवला.

नाशिकला हातात ६५,००० पडणार होते. राहणं आईवडिलांकडे, ऑफिस स्कूटरवर पंधरा मिनिटांवर, पेट्रोल आणि किरकोळ खर्च ३,०००. शिल्लक ६२,०००. बेंगळुरूला हातात १,०५,०००. त्यातून भाडं आणि मेंटेनन्स २८,०००, जाणंयेणं, बाहेरचं खाणं, दर दोन महिन्यांनी घरी येण्याचं तिकीट मिळून ९,०००. शिल्लक ६८,०००.

मग तिने तास मांडले. नाशिकला ऑफिसचे साडेआठ आणि जाण्यायेण्याचा अर्धा, म्हणजे दिवसाला नऊ. महिन्याचे २२ दिवस धरले तर १९८ तास. बेंगळुरूला ऑफिसचे दहा आणि रस्त्यावरचे अडीच, म्हणजे साडेबारा. महिन्याला २७५ तास. फरक ७७ तासांचा आणि ६,००० रुपयांचा. म्हणजे हे जास्तीचे ७७ तास ती तासाला साधारण ७८ रुपयांनी विकणार होती. पॅकेजमध्ये सात लाखांचा फरक दिसत होता आणि प्रत्यक्षात भाव हा.

अर्थशास्त्रात या बाबतीत एक जुना दिलासा आहे. ॲडम स्मिथने १७७६ साली लिहिलं की काम जितकं कष्टाचं, घाणेरडं, बेभरवशाचं, तितका त्याचा मोबदला जास्त असायला हवा, कारण त्याशिवाय ते करायला कुणी येणार नाही. म्हणजे त्रासाची भरपाई पगारात आपोआप होते. ऐकायला बरं वाटतं. पण आपल्या गावातलं सगळ्यांत घाणेरडं काम कोण करतं आणि त्याला काय मिळतं, एवढं पाहिलं तरी पुरे. ज्याला नाही म्हणता येतं, त्यालाच भरपाई मागता येते. गटारात उतरणाऱ्या माणसाला नाही म्हणायची सोयच ठेवलेली नसेल, तर बाजार त्याला जास्त का देईल?

ज्यांना नाही म्हणता येतं, त्यांच्या बाबतीतही हे गणित नीट जुळत नाही. ब्रुनो फ्राय आणि अलोईस श्टुट्सर या दोन अर्थतज्ज्ञांनी जर्मनीतल्या घरांची माहिती तपासली. लांब प्रवास करून कामाला जाणारी माणसं पगार किंवा घर यांच्या रूपाने तो त्रास भरून काढत असतील, तर त्यांचं समाधान इतरांइतकंच असायला हवं होतं. ते कमी निघालं. मला यात नवल वाटत नाही. पगारवाढीची सवय तीन महिन्यांत होते. विरारहून चर्चगेटला उभ्याने जायची किंवा हिंजवडीच्या चौकात रोज संध्याकाळी अडकायची सवय होते असं आपण म्हणतो खरं, पण रोजची गर्दी वेगळी, रोजचा धक्का वेगळा. पगार हा एकच आकडा असतो आणि तो कागदावर दिसतो. त्रास मात्र रोज थोडा थोडा होतो, त्याची बेरीज कुठेच छापून येत नाही.

एवढं सगळं मांडून माझ्या मैत्रिणीने कुठली नोकरी घेतली? बेंगळुरूची.

तक्ता बरोबर होता. त्यात एक ओळ नव्हती, आणि ती तिला आधीपासून माहीत होती. ती म्हणाली, “नाशिकच्या रकान्यात ऑफिसचे नऊ तास आहेत. संध्याकाळी सात ते दहा मी कुठल्या शिफ्टला असते ते त्यात नाहीये.” घरात वहिनी, आई, येणारेजाणारे, आणि दर दोन रविवारांनी बघायला येणारं एखादं स्थळ. भाऊ ऑफिसमधून आला की दमलेला असतो. ती ऑफिसमधून आली की घरी आलेली असते. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये देशभर लोकांच्या दिवसाचा हिशोब घेतला होता. घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवत होत्या आणि ते करणारे पुरुष ९७ मिनिटं. तिच्या घरात वेगळं काही चाललेलं नव्हतं.

“बेंगळुरूला ट्रॅफिकमध्ये अडीच तास जातात,” ती म्हणाली, “पण खोलीची किल्ली माझ्याकडे असते.”

‘क्वालिटी ऑफ लाइफ’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येतं ते गावाकडचं घर, स्वच्छ हवा, घरचं जेवण, संध्याकाळी टेकडीवर फिरणं. हे चित्र कुणाच्या बाजूने काढलेलं आहे, हे तिच्या निर्णयामुळे नीट दिसतं. घरचं जेवण कुणीतरी रांधलेलं असतं. ‘कमी पगार, पण निवांत आयुष्य’ असं म्हणणाऱ्या पुष्कळ पुरुषांचा निवांतपणा कुणाच्या तरी त्या २९९ मिनिटांवर उभा असतो. त्यामुळे कुणी मला सांगितलं की मी पैशापेक्षा जगण्याचा दर्जा निवडला, तर मला पहिला प्रश्न पडतो: भांडी कोण घासतं?

*

पैशाने सुख मिळत नाही, हे वाक्य आपण लहानपणापासून ऐकतो. ते सांगणाऱ्याच्या घरी बहुधा इन्व्हर्टर असतो.

या प्रश्नावरचं संशोधन गेल्या काही वर्षांत मजेशीर वळणं घेत गेलं आहे. २०१० साली डॅनियल कानमन आणि अँगस डीटन या दोन नोबेलविजेत्यांनी अमेरिकेतल्या लोकांच्या उत्तरांवरून असं मांडलं की रोजच्या भावना, म्हणजे हसू, ताण, उदासी, या वार्षिक ७५,००० डॉलरच्या आसपास उत्पन्नापर्यंत सुधारत जातात आणि मग थांबतात. हा आकडा जगभर फिरला. व्हॉट्सॲपवर फॉरवर्ड होऊन आपल्यापर्यंतही आला. मग २०२१ मध्ये मॅथ्यू किलिंग्सवर्थने लोकांच्या स्मार्टफोनवर दिवसातून वेगवेगळ्या वेळी ‘आत्ता कसं वाटतंय’ असं विचारून माहिती गोळा केली आणि सांगितलं की असं काही थांबताना दिसत नाही. पुढे झालेली गोष्ट मला फार आवडते. हे दोन पक्ष एकमेकांवर लेख लिहित बसले नाहीत. बार्बरा मेलर्स यांना मध्यस्थ ठेवून कानमन आणि किलिंग्सवर्थ यांनी एकत्र काम केलं आणि २०२३ मध्ये संयुक्त निष्कर्ष छापला. बहुतेकांचं सुख उत्पन्नाबरोबर वाढत राहतं. जे सर्वांत दुःखी आहेत त्या अल्पसंख्य लोकांचं मात्र एका टप्प्यानंतर पैशाने फारसं हलत नाही.

यातला एक बारकावा फॉरवर्डमध्ये हरवतो. हे वाढणं रुपयाला रुपया असं नसतं, पटीत असतं. तीन लाखांवरून सहा लाखांवर जाताना आयुष्यात जेवढा फरक पडतो, साधारण तेवढाच फरक पुढे पाडायला बारावरून चोवीसवर जावं लागतं. खालच्या पायरीवर तीन लाखांत जे मिळालं, त्याला वरच्या पायरीवर बारा लाख लागतात.

याचा अर्थ असा की सोसायटीच्या गेटवर बारा तास उभ्या असलेल्या वॉचमनला ‘पैशामागे धावू नकोस’ असं सांगणं हा अडाणीपणा आहे. त्याला महिन्याला पाच हजार जास्त मिळाले तर त्याच्या घरात काय काय बदलेल, याची यादी तो लगेच सांगेल. तेच पाच हजार वरच्या मजल्यावरच्या माणसाला वाढले तर त्याला ते स्लिपमध्ये शोधावे लागतील. पैसा आणि जगण्याचा दर्जा या एका ठरावीक जागेपर्यंत दोन वेगळ्या गोष्टी नसतातच. त्या जागेच्या पुढे त्या हळूहळू वेगळ्या होत जातात आणि मगच निवड नावाची गोष्ट सुरू होते. नोकरी निवडताना पहिलं काम हेच: आपण त्या जागेच्या अलीकडे आहोत की पलीकडे, हे प्रामाणिकपणे ठरवणं. अलीकडे असू तर जास्त पैसे घ्यावेत आणि कुणाचं प्रवचन ऐकू नये.

*

पलीकडे असू तर? तर मला वाटतं सगळे तास सारखे मोजू नयेत.

हे मी कुठल्या तत्त्वज्ञाकडून शिकलो नाही. ते कायद्यातच लिहिलेलं आहे. १९४८ च्या कारखाने कायद्याने आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली आणि त्यापुढे काम करून घेतलं तर दुप्पट दराने पैसे द्यायला सांगितले. या तरतुदीमागे मला एक साधी समज दिसते. अठ्ठेचाळीस तास दिल्यानंतर माणसाकडे जे तास उरतात त्यात त्याची झोप असते, मुलं असतात, दवाखाना असतो. एकोणपन्नासावा तास तो या साठ्यातून काढून देतो, म्हणून तो महाग. ऑफिसात मासिक पगारावर काम करणाऱ्या आपल्यासारख्यांचा एकोणपन्नासावा तास मात्र फुकट जातो, आणि साठावाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये नारायण मूर्ती यांनी तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं असं म्हटलं तेव्हा बराच गदारोळ झाला. तो बहुतेक ‘इतकं काम करणं शक्य आहे का’ यावर झाला. त्या वरच्या २२ तासांचा दर काय, हे फार थोड्यांनी विचारलं.

आठवड्याची सुट्टीसुद्धा आपल्याकडे आभाळातून पडलेली नाही. मुंबईच्या गिरण्यांमध्ये सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत काम चालायचं. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि साप्ताहिक सुट्टीची मागणी लावून धरली. ती मान्य व्हायला १० जून १८९० उजाडला. सहा वर्षं. आज आपण रविवारी सकाळी उशिरापर्यंत लोळतो ते त्या लोकांच्या जिवावर, ज्यांना एकेकट्याने मालकाकडे जाऊन ‘मला पगार थोडा कमी द्या पण रविवार द्या’ असं म्हणणं शक्य नव्हतं. तो सगळ्यांनी मिळून मागावा लागला.

म्हणून मला ‘आपापली निवड’ हा शब्दही पुरेसा वाटत नाही. रात्री अकराला आलेल्या मेलला मी पाच मिनिटांत उत्तर दिलं, तर ती माझी आवड असेल. पण उद्यापासून शेजारच्या टेबलवरच्या मुलीने सकाळी उत्तर दिलं की ते उशिरा दिलेलं ठरतं. तिचं बाळ आठ महिन्यांचं असतं. माझ्या मेहनतीने तिचा दर पडतो.

*

आता स्वतःबद्दल. मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे, गाव तासगाव. आमच्याकडे द्राक्षं. बाग मात्र आमची नाही. अण्णा दुसऱ्याच्या ट्रकवर ड्रायव्हर होते. जानेवारी ते एप्रिल हा त्यांचा सीझन. भरलेली गाडी दिल्लीच्या आझादपूर मंडीपर्यंत न्यायची. द्राक्ष नाशवंत, त्यामुळे झोपेला वेळ नाही. वेळेत पोचलं तर वर बक्षिसी. गावातल्या गावात गाडी चालवायचं कामही त्यांना मिळत होतं. पैसे निम्मे होते. त्यांनी लांबची गाडी निवडली, वीस वर्षं. माझ्या दहावी-बारावीच्या परीक्षा मार्चमध्ये असायच्या आणि मार्चमध्ये ते राजस्थानात कुठेतरी असायचे. त्या पैशांतून माझी इंजिनीअरिंगची फी गेली. आता त्यांना शुगर आहे, मणक्याचं दुखणं आहे, आणि रात्री दोन वाजता ते जागे असतात. कारण विचारलं तर म्हणतात, सवय.

अण्णांपुढे ‘पैसा की आयुष्य’ असा प्रश्न कधी आलाच नसेल. त्यांनी आपलं आयुष्य देऊन पैसा आणला आणि त्या पैशातून माझ्यासाठी निवडीची सोय केली. आज मला एखाद्या ऑफरला नाही म्हणता येतं, ते मी विकत घेतलेलं नाही. ते त्यांच्या रात्रींनी घेतलेलं आहे.

गेल्या वर्षी मला एक ऑफर आली. हातात महिन्याला २८,००० जास्त. काम अमेरिकेच्या वेळेत: संध्याकाळी साडेसहा ते पहाटे साडेतीन. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने रात्रपाळीच्या कामाला ‘बहुधा कर्करोगकारक’ अशा गटात २००७ मध्ये घातलं होतं आणि २०१९ मध्ये पुन्हा तपासून तिथेच ठेवलं, हे मला माहीत होतं. ‘बहुधा’ म्हणजे नक्की नव्हे. आणि २८,००० मात्र नक्की होते. पाच वर्षांचे १६ लाख ८० हजार.

इथे खरा प्रश्न उभा राहिला, आणि तो तब्येतीचा नव्हता. ज्या माणसाने माझ्यासाठी वीस वर्षं रात्री जागून काढल्या, त्याच्या मुलाने ‘मला रात्री झोप हवी’ म्हणून जास्तीचा पैसा सोडावा का? एका बाजूने पाहिलं तर हा कृतघ्नपणा वाटतो. दुसऱ्या बाजूने पाहिलं तर ते जागले ते मी झोपावं म्हणूनच. मीही जागत राहिलो तर त्यांचं जागणं वाया गेलं. दोन्ही बाजू मला खऱ्या वाटतात. घरात विचारलं तेव्हा अण्णांनी एवढंच विचारलं, “दवाखान्याचं भागतंय न्हवं?” भागतंय म्हणालो. “मग कशाला जागतोयस?”

पण त्यांच्या एका वाक्यावर मी मोकळा होतो असं मला वाटलं नाही. मला तुकोबांची गोष्ट आठवत होती. ती आपण नेहमी अर्धीच सांगतो. देहूचं वाण्याचं घर, पिढीजात सावकारी, दुष्काळात सगळं उद्ध्वस्त झालेलं, आणि तुकोबांनी लोकांची कर्जखतं इंद्रायणीत बुडवली. विरक्तीची गोष्ट म्हणून ही ठीकच आहे. पण चरित्रकार सांगतात की बुडवण्याआधी त्यांनी कागदांची वाटणी केली. निम्मे कागद धाकट्या भावाला, कान्होबाला दिले. नदीत गेले ते फक्त स्वतःच्या वाट्याचे.

पैसा आणि जगणं यांच्यातल्या निवडीबद्दल याहून नेमकी गोष्ट मला माहीत नाही. पैसा सोडावा की नाही, हा प्रश्न नंतरचा. आधी वाटणी करावी लागते. जो पैसा मी सोडतो आहे, त्यातला माझ्या वाट्याचा किती? अण्णांची औषधं आणि विम्याचा हप्ता हा माझा वाटा नाही. तो मला नदीत टाकता येणार नाही. माझी मोठी गाडी, हिमाचलची ट्रिप, पुण्यातला दोन बेडरूमचा फ्लॅट हे माझे कागद आहेत. ते बुडवायला कुणाची परवानगी लागत नाही. बुडवल्याचा गाजावाजा करायचीही गरज नाही.

उलट्या दिशेनेही हीच वाटणी लागू होते. कुणी घरच्यांसाठी म्हणून सोळा तास राबत असेल, तर त्यातले किती तास खरोखर घरच्यांच्या वाट्याचे आणि किती स्वतःच्या मोठेपणाच्या, हे त्यानेही वेगळं काढावं. ‘तुमच्यासाठीच तर करतोय’ या वाक्याखाली पुष्कळांनी स्वतःचे कागद लपवलेले असतात.

*

वाटणी करताना एक गोष्ट मधेच अडकली: तासगावच्या घराचं छत.

घर पत्र्याचं आहे. स्लॅब टाकायचा, हे आईचं अनेक वर्षांचं बोलणं. अंदाज सहा लाखांचा. ती ऑफर घेतली असती तर वरचे पैसे बाजूला टाकून ते काम दोन वर्षांच्या आत झालं असतं. आत्ताच्या पगारातून महिन्याला ९,००० बाजूला पडतात. म्हणजे साडेपाच वर्षं. हा कागद माझा नाही. तो आईचा आहे, आणि मी तो साडेतीन वर्षं पुढे ढकलत होतो.

म्हणून तिला वेगळं, आकड्यांसकट विचारलं. ती म्हणाली, “असू दे की. पत्र्याला काय झालंय?”

अडचण अशी आहे की हे वाक्य मी जन्मापासून ऐकतो आहे. साडीला काय झालंय, गॅसला काय झालंय, दाढ दुखते तिला काय झालंय. जिने आयुष्यभर ‘चालेल’ म्हटलं, तिच्या ‘चालेल’ला संमती म्हणायचं का? आपल्याकडे घरात कुणावर जबरदस्ती करावी लागत नाही, कारण ज्यांचा वाटा जाणार असतो ते आधीच उठून उभे राहतात. पैसा की जगण्याचा दर्जा, यावर लिहिणारे बहुतेक लेख एकट्या माणसाचं चित्र डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले असतात: तो, त्याचा पगार, त्याचे तास. मला तसा एकटा माणूस आसपास कुणी दिसत नाही. प्रत्येकाच्या मागे कुणीतरी ‘असू दे की’ म्हणणारं आहे.

मी ती ऑफर नाकारली. ते बरोबर होतं असं मला वाटतं, आजही. पण निर्णय बरोबर असला म्हणजे त्याची किंमत माफ होत नाही, आणि ही किंमत भरणारा मी एकटा नाही. म्हणून मला जमेल तेवढं करतो. पगार झाला की पहिले ९,००० स्लॅबच्या खात्यात जातात, माझ्या कुठल्याही खर्चाच्या आधी. अप्रेझलमध्ये जे वाढेल त्यातलं निम्मं तिकडेच जाणार, हे ठरलेलं आहे आणि घरात सांगितलेलं आहे. आणि जे संध्याकाळचे तास मी वाचवले, ते खरोखर कशात जातात याची नोंद ठेवतो. ते रील्स बघण्यात गेले, तर आईच्या छताच्या बदल्यात मी काय घेतलं, हे मला स्वतःला सांगता आलं पाहिजे. काही आठवड्यांत ते सांगता येतं, काही आठवड्यांत नाही.

तुमच्यापैकी कुणाच्या हातात आत्ता दोन ऑफर असतील, तर तक्ता जरूर करा. भाडं लिहा, प्रवास लिहा, तास लिहा, तासाचा भाव काढा. संध्याकाळी सात ते दहा लिहा. मग आणखी एक रकाना आखा आणि त्यात नावं लिहा: या पगारातून कुणाकुणाचं काय चालतं, आणि या तासांमधून कुणाकुणाचं काय जातं. त्या नावांशी एकदा बोला. ‘चालेल’ असं उत्तर आलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा.

यंदा जूनमध्ये मी चार दिवस गावी होतो. रात्रभर पाऊस पत्र्यावर वाजत होता. अण्णा नेहमीप्रमाणे जागे होते, आई झोपली होती की नाही ते कळलं नाही. स्लॅबच्या खात्यात आता १ लाख १७ हजार आहेत.